स्ट्रीट की रोड?

"नाव ऐकलंस की हुरळून जाऊ नकोस. शेपूट विचार. शेपटाशिवाय गाडी सोडायची नाही."

रुग्णवाहिकेच्या फोनवर बसायला शिकवणाऱ्या बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. शेपूट म्हणजे नावामागचा शब्द. स्ट्रीट, रोड, लेन, अव्हेन्यू. शहरातल्या पाट्या इंग्रजीत आणि लोकांची तोंडं मराठीत. घाबरलेला माणूस सगळ्यालाच रस्ता म्हणतो.

हजारदा तिनं शेपूट विचारलं. एकदा विसरली.

"गिरणी रस्ता, चौदा नंबर! लवकर या हो, यांचं तोंड वाकडं झालंय!" पलीकडून एक बाई ओरडली आणि हिची बोटं आपसूक 'मिल रोड'वर गेली. रस्ता म्हणजे रोड, हे शाळेपासूनचं पाठांतर. मिल रोड शहराबाहेर. नुसती गोदामं, चौदा नंबर नाहीच. ती बाई मात्र भर वस्तीतल्या मिल स्ट्रीटवर दार उघडं टाकून उभी होती. अठरा मिनिटं वाया गेली.

माणूस वाचला, पण उजवा हात आणि निम्मी वाचा गेली. ते इंग्रजीचे मास्तर होते, हे कळल्यापासून तिला घास गिळवेना. साहेबांनी आठवडाभराची रजा दिली. "परत बसायचं की नाही, ठरवून या." तिनं राजीनामा लिहूनच टाकला आणि सातव्या दिवशी मास्तरांचं घर गाठून आपण कोण ते सांगितलं.

"या," मास्तरांची बायको दारातच म्हणाली. "आज बरोबर पत्त्यावर आलात."

तिनं मान खाली घातली. "चूक माझीच, काकू. मी नोकरी सोडतेय."

"म्हणजे आमची अठरा मिनिटं परत येतील?"

"नाही."

"घरात कमावतं कोण?"

"मीच. आई असते माझ्याजवळ."

"वा! म्हणजे आता म्हातारीला घेऊन रस्त्यावर येणार!"

खाटेवरून घोगरा आवाज आला. "स्ट्री...ट की... रोड?"

काकू वळल्या. हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. इतक्या दिवसांत मास्तरांनी धड केलेली पहिली थट्टा होती ती.

मास्तरांनी पाटी मागितली. डाव्या हातानं एक लांब रेघ ओढली, पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. "रोड. जा...तो." खाली दोन रेघा, त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटून चौकोन, प्रत्येक चौकोनाचं दार रस्त्याकडे उघडणारं. "स्ट्रीट. माणसं... राह...तात." मग दोन भिंतींमधली बारीकशी फट.

"ही लेन," ती पटकन म्हणाली. "इथं गाडी वळत नाही. स्ट्रेचर घेऊन चालत जावं लागतं."

मास्तरांनी बरोबर उत्तराला हलवावी तशी मान हलवली. तिला बळ आलं. "पण सर, टाकी रोडवर तर दाट वस्ती आहे म्हणतात."

"घरं... मागनं आली. नाव... राहिलं. तू... पाहिलायस?"

पाहिला नव्हता. चार वर्षं ती ही नावं पडद्यावर दाबत होती. त्यातल्या बहुतेकांवर तिचं पाऊल पडलं नव्हतं. शब्दाला दारं असतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"राजी...नामा नको," मास्तर म्हणाले. "चाल. रोज... एक." तेवढ्यानंच त्यांना धाप लागली.

"रोज एक रस्ता पायी पाहून ये म्हणतायत," काकूंनी उरलेलं पुरं केलं. "आणि इथं येऊन यांना सांग काय दिसलं ते. डॉक्टर म्हणतात, यांना बोलतं ठेवा. माझ्याशी बोलायचं ते चाळीस वर्षांत बोलून संपलंय." मग नजर रोखून म्हणाल्या, "नेम केलास तर पाळ. चार दिवसांची हौस नको हं, पोरी."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघींनाही कळलं नाही.

"कबूल," ती म्हणाली. मास्तरांच्या डाव्या हातावर तिनं क्षणभर आपला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईनं अंथरुणातूनच विचारलं, "ड्यूटी दहाची ना गं?"

"हो. आधी टाकी रोडला जाऊन येते."

"कोण आहे तिथं आपलं?"

"बघते," ती म्हणाली. बुटांच्या नाड्या आवळल्या, कडी वाजू न देता दार ओढून घेतलं आणि चालू लागली.