माइकमधली शिट्टी

आईने हाक मारावी आणि पोटच्या पोराने कानांवर त्या दोन काळ्या वाट्या चढवून भिंतीकडे तोंड करून बसावं, याला काय म्हणायचं? बाप जाऊन तीन आठवडे झाले, आणि तीन आठवडे हेच चाललं होतं. ताट गार होई, चहावर साय धरे, पण लेक कॉम्प्युटरसमोरून हलत नसे.

"भिंतीशी बोलले असते तर एव्हाना तिने हूं तरी म्हटलं असतं," ती दारातून म्हणाली.

गल्लीत तिला सगळे फौजदारबाई म्हणत. शाळा दुसरीत सुटली, पण जिभेला आणि कानांना तिने कधी सुट्टी दिली नाही. दूध उतू जाणार हे तिला बाहेरच्या पायरीवर बसून कळे. शेजारणीने दार कसं लावलं यावरून तिचं नवऱ्याशी वाजलंय की नाही, हे ती छातीठोकपणे सांगे. "माझ्या कानांतून मुंगी सुटायची नाही," असा तिचा तोरा होता.

लेक दुसऱ्यांची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करी. म्हणून तिने त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. हे काम घरातूनच करायचं ठरलं, तेव्हा बापाने पुढच्या खोलीत प्लायवूडची भिंत उभी करून त्याला एक कोपरा करून दिला. बाप फरशी पॉलिश करणारा. तीस वर्षं त्याने लोकांच्या फरश्या घासून आरशासारख्या केल्या, आणि रोज संध्याकाळी भुवयांसकट पांढरा होऊन घरी आला. तेव्हा मात्र त्याचं काम सुटलं होतं. प्लायवूडच्या पलीकडे, खिडकीशी, त्याची खुर्ची होती. बोलणं बेताचं. "घरात बोलायला एक माणूस पुरे," असं तो म्हणे, आणि त्यावर फौजदारबाईलाही हसू येई.

माइक घ्यायला ती लेकाबरोबर स्वतः गेली, कारण तिच्या मते पोपटाला कुणीही टोपी घातली असती. दुकानदाराने दोन तऱ्हा पुढ्यात ठेवल्या.

"मावशी, हा डायनॅमिक. तोंडाजवळ बोललेलं तेवढंच ऐकतो. आणि हा कंडेन्सर. याला वेगळा करंट द्यावा लागतो, पण पलीकडच्या खोलीत सुई पडली तरी ऐकेल. घरात वर्दळ असेल तर पहिला घ्या."

"सुई पडलेली ऐकतो? म्हणजे माझाच भाऊ की," ती म्हणाली. "हाच दे."

लेकालाही तोच हवा होता. पुस्तक वाचणाऱ्याचा आवाज भरदार आणि जवळून यायला हवा, आणि तो कंडेन्सरमध्येच येतो, हे त्याने कितीदा तरी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर लेकाच्या आवाजामागे आणखी काहीतरी होतं. बारीक शिट्टीसारखं. सूंऽऽ... कुर्र. सूंऽऽ... कुर्र.

"माइकमध्ये खोट आहे," लेक म्हणाला.

माइक बदलून आणला. दुसऱ्याचा आवाज टिपणारा पडदा मोठा होता, त्याच्यात शिट्टी आणखी स्पष्ट आली. या खेपेला दुकानदाराने रेकॉर्डिंग नीट ऐकलं आणि डोकं खाजवलं. "प्रत्येक माइकची स्वतःची थोडी सळसळ असते. पण ती सलग असते. ही थांबून थांबून येतेय. घरातच काहीतरी आहे. फ्रिज बघा, पंखा बघा, पाण्याची मोटार बघा."

झालं, फौजदारबाईने मोहीमच काढली. फ्रिज बंद केला, दूध नासलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीत गुंडाळलं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, गळक्या नळाला फडकं बांधलं. मग तिची नजर खुर्चीकडे गेली.

"अहो, तो वाचत असला की तुम्ही जरा दम धरत जा. खोकला आला तरी गिळायचा."

"बरं," तो म्हणाला. आणि खरोखरच धरू लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण ज्याच्या काखेत कळसा असतो त्याला तो दिसत थोडाच असतो?

तिसरा माइक आणला तो दुकानातला सगळ्यात शांत माइक. नेमका त्याच वेळी नवरा दोन दिवस बहिणीकडे गेला होता. रेकॉर्डिंग धुतलेल्या फरशीसारखं स्वच्छ आलं. "बघ! वस्तू पारखायला नजर लागते," असं फौजदारबाईने अर्ध्या गल्लीला ऐकवलं. नवरा परत आला, त्या दिवशी शिट्टीही परत आली.

लेकाने कपाळ धरलं. "हाही बिघडला!"

मग त्याला कॉम्प्युटरवर एक युक्ती सापडली. मागचा नको तो आवाज वेचून काढून टाकायची.

"मग काढ की," ती म्हणाली. "कचरा तो कचरा."

चार महिने तो रोज वाचत होता आणि रोज ती शिट्टी काढून टाकत होता.

मग एका सकाळी नवऱ्याला खुर्चीवरून उठवेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मायलेकांकडे बघितलं.

"दगडाच्या धुळीने छाती भरलीय. ही शिट्टी निदान सहा महिने वाजत असणार. घरात कुणालाच ऐकू आली नाही?"

लेकाने फौजदारबाईकडे बघितलं, आणि तिने खाली, फरशीकडे. पाचव्या दिवशी नवरा गेला.

आज तिने हाका मारणं सोडलं आणि आत जाऊन लेकाच्या कानांवरचं ते सरळ ओढून काढलं.

"आई, थांब." त्याचे डोळे सुजले होते. "बाबांचा आवाज शोधत होतो गं. सगळं साफ करून ठेवलं आणि मूळचं पुसून टाकलं. एकच राहिलंय. तिसऱ्या माइकची चाचणी, बाबा आत्याकडून आले त्या दिवशीची."

"लाव," ती म्हणाली. आणि ते जड लोढणं स्वतःच्या कानांवर चढवलं.

आधी लेकाचा आवाज आला. एक, दोन, तीन. त्यामागे सूंऽऽ... कुर्र. तिने डोळे मिटले. हा आवाज तिच्या उशाशी होता. किती वर्षं, कुणास ठाऊक. रोज थोडा थोडा वाढत गेला आणि तिला तो घराचाच वाटत गेला, नळासारखा, पंख्यासारखा. शेजारणीचं दार ऐकणाऱ्या बाईला तो ऐकूच येईनासा झाला होता.

मग शिट्टी थांबली. बराच वेळ काहीच नाही. तो दम धरून होता. दार किरकिरलं, आणि अगदी हळू, चोरासारखा, तो म्हणाला, "झालं का रे तुझं? खोकू का आता?"

आणि स्वयंपाकघरातून बाईचा खणखणीत आवाज, "अहो, दम धरा म्हटलं ना!"

तिने कानांवरचं काढून मांडीवर ठेवलं. लेकाचा हात पुन्हा कॉम्प्युटरवर गेला होता.

"मागची शिट्टी तेवढी काढतोय," तो म्हणाला. "आणि तुझं ते ओरडणं. म्हणजे बाबांचं बोलणं स्वच्छ येईल. तुझ्यासाठीच करतोय, आई."

तिने त्याचं मनगट धरलं.

"हात काढ तिथून. आणि ऐक, पोपटा. तीन माइकांनी तुला बापाचा श्वास ऐकवला आणि तू तिन्ही खोटे ठरवलेस. ही तुझी चूक, आणि आई आहे म्हणून मी ती झाकणार नाही. पण तू भिंतीपलीकडे होतास. मी उशाशी होते, आणि दम धरा म्हणणारीही मीच. तेव्हा शिक्षा दोघांना सारखी. हे असंच राहील, शिट्टीसकट, माझ्या ओरडण्यासकट. मला ऐकावंसं वाटेल तेव्हा लावून द्यायचं, आणि तू शेजारी बसून ऐकायचंस. आता ऊठ, दोन घास खा. आणि यापुढे या घरात कुणाला खोकायचं असेल, तर त्याने विचारायचं नाही."