कागदात न गुंडाळता

सात वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

पत्र टपालानं आलं नव्हतं. आमच्या धनजच्या वाचनालयात परत आलेल्या एका कादंबरीत ते चार घड्या घालून ठेवलेलं होतं. लिहिणारी वैजयंती, नववीतली मुलगी, वर्गणीदार क्रमांक ११७. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी तशी दुसरी वाचक मला आजवर मिळालेली नाही. तिनं लिहिलं होतं :

‘गुरुजींना नमस्कार. शनिवारी दुपारी वाचनालयात बायकांची वेळ असते. तेव्हा एका कपाटात पॅड ठेवता येतील का? पुडा पस्तीस रुपयांचा आहे आणि घरात आम्ही तिघी आहोत. आई म्हणते, तेवढ्यात दोन दिवसांची भाजी होते. गावात तेल, साखर, बिडी, बिस्किट सगळं सुटं मिळतं. पॅड सुटे मिळत नाहीत. सुटे मिळाले तर शाळेच्या दिवसापुरते दोन तरी घेता येतील. माझी दर महिन्याला चार दिवस शाळा बुडते. हो किंवा नाही, एवढंच कळवावे.’

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. पुढच्या शनिवारी ती आली, पुस्तक बदललं, माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तारखेचा शिक्का मारण्यात गुंतलो होतो. गुंतलो होतो, हे खोटं आहे. शिक्का मारायला किती वेळ लागतो? दहावीनंतर ती यायची बंद झाली. पुढे तिचं लग्न होऊन ती रिसोडला गेल्याचं कानावर आलं.

मी प्राथमिक शाळेतला शिक्षक. चौथीपर्यंतच शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्या वर्गात कधी आला नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. पण घरात तरी कुठे आला? पस्तीस वर्षं संसार केला. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं ते कापड घरात कुठे वाळत असे, हे मला आजही माहीत नाही.

निवृत्तीनंतर वाचनालयाचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मानवलं. पुस्तकं उलट बोलत नाहीत. मागच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका काढली. खुर्च्या बारा, इच्छुक वीस. म्हणून मी एक नियम केला : न सांगता चार दिवस गैरहजर राहिल्यास जागा पुढच्या विद्यार्थ्याला. नियम मला आवडतात. नियम असला की माणसाशी बोलावं लागत नाही.

या जानेवारीत त्या नियमानं मी संस्कृतीचं नाव काढलं. संस्कृती म्हणजे वाचनालय झाडणाऱ्या कमलीबाईची नात. दहावीत. घर एका खोलीचं, त्यात दिवसभर टीव्ही चालू, म्हणून ती रोज शाळा सुटली की इथे येऊन बसायची.

दुसऱ्या दिवशी कमलीबाई झाडू हातात घेऊनच माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

“काहून हो गुरुजी, माह्या नातीचं नाव काहून काढलं?”

“नियम आहे, कमलीबाई. न सांगता चार दिवस...”

“सांगून जाव म्हणता? काय सांगावं तिनं तुमाले?”

मी हजेरीच्या वहीत डोकं घातलं.

“वहीत काय पाहून राह्यले? माह्याकडं पाहा. पोरगी महिन्याची बसली होती घरी. पुडा झाला चाळीसचा. सून अन् तिच्या दोन पोरी, तिघीले लागते. निंदनाची मजुरी अडीचशे, तेबी काम लागलं तर. पाच रुपयाची चहापत्ती भेटते, दोन रुपयाचा शाम्पू भेटते, हे मातर आख्खं पुडकंच घ्या! मंग फाटक्या लुगड्याचं कापड. त्याच्यावर तीन-तीन तास खुर्चीत बसनं होत नाही, गुरुजी. मागच्या महिन्यात खुर्ची मी पुसली. तुमी तवा वाचत बसले होते.”

ती झाडायला निघून गेली. मी मात्र वही चाळत बसलो. मुलींची नावं सात. दर महिन्याला सहा नावांपुढे दोन-तीन चौकोन रिकामे, संस्कृतीपुढे या वेळी चार. एकापुढे नाहीत, तिचे वडील शिक्षक आहेत. सहाही नावांसमोर माझ्याच तांबड्या शाईत माझ्याच अक्षरात शेरा होता : ‘अनियमित’. यापेक्षा नियमित काही मी त्या वहीत पाहिलेलं नव्हतं.

संस्कृतीचं नाव मी लगेच परत लिहिलं. तिची जागा दुसऱ्या मुलाला देऊन झाली होती, तेव्हा माझी खुर्ची आत नेऊन ठेवली आणि मी स्टुलावर आलो. पण एवढ्यानं काय होणार? पुढच्या महिन्यात ते चार दिवस पुन्हा येणार होते आणि परीक्षा सहा आठवड्यांवर होती.

शब्दकोश काढला. पत्र जागेवर होतं.

सोमवारी एसटीनं कारंजाला गेलो. आमच्या वाचनालयाची रद्दी वर्षानुवर्षं इंदरचंदजींच्या दुकानात जाते. तेल-साबणापासून औषधी गोळ्यांपर्यंत सगळं तिथे मिळतं. रद्दीचा गठ्ठा घेऊन मी आत शिरलो.

“या गुरुजी, बसा. चहा सांगू?” इंदरचंदजी म्हणाले. काउंटरवर त्यांची सून चेतना होती.

मी साबण घेतला. मग दंतमंजन घेतलं. मग, घरात दोन कंगवे असताना, तिसरा कंगवा घेतला. माझ्या डोक्यावर केस किती आहेत हे त्या दोघांनाही दिसत होतं.

“अजून काही?” चेतनानं विचारलं.

मी खिशातली चिठ्ठी पुढे केली. घरूनच लिहून नेली होती. चेतनानं ती वाचली, फळीवरून पुडा काढला आणि सवयीनं वर्तमानपत्राचा कागद ओढून चार घड्यांत गुंडाळला. दोरा बांधला. वरच्या घडीवर जांभळा शिक्का होता : ‘सार्वजनिक वाचनालय, धनज’.

तो शिक्का मी मारलेला होता. रोज सकाळी चार वर्तमानपत्रांवर मी तो मारतो. म्हणजे इतकी वर्षं माझ्या वाचनालयाचा कागद ही वस्तू झाकायलाच जात होता. वैजयंतीच्या आईनं कधी एखादा पुडा घेतला असेल, तर तोही माझ्याच शिक्क्याखाली लपून घरी गेला असेल.

“कागद काढा,” मी म्हणालो.

“काय म्हणता, गुरुजी?”

“कागद नको. तसाच द्या. आणि एक नको, खोक्याचा भाव सांगा. मला सुटे विकायचे आहेत. वाचनालयात.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती वळून पाहू लागली. माझे कान तापले, पण शब्द बाहेर पडून गेले होते. इंदरचंदजींनी चष्मा कपाळावर चढवला. चेतनानं मात्र ताबडतोब कॅल्क्युलेटर ओढला.

“घाऊक घेतले तर नगाला चार रुपये पडतील, गुरुजी. प्रत्येकाला वेगळं वेष्टन असलेले देते, म्हणजे सुटे द्यायला स्वच्छ. पण ज्यांना चारही परवडत नाहीत त्यांचं काय करणार?”

याचा विचार मी केलाच नव्हता. उत्तर इंदरचंदजींनी दिलं. “रद्दी आहे ना तुमची? महिन्याच्या रद्दीत पस्तीस-चाळीस नग बसतात. पैसे कशाला घेता, मालच न्या.”

“तेवढे फुकट देता येतील,” चेतना म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. “पण बाबूजी, मग आपण पुडे गुंडाळणार कशात?”

“नको गुंडाळू,” ते म्हणाले. “गुरुजी नेऊ शकतात, तर बाकीच्यांना काय झालं?”

पहिल्या खोक्याचे पैसे मी खिशातून दिले आणि परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलो. त्यावर काय छापलंय ते सगळ्यांना वाचता येत होतं. धनज येईपर्यंत मी ते उलटं केलं नाही. दोनदा मनात आलं होतं, हेही सांगायला हवं.

पण वाचनालयाची रद्दी म्हणजे वाचनालयाची मालमत्ता. समितीच्या ठरावाशिवाय तिच्या बदल्यात माल घेता येत नाही. आमच्या समितीची एक पद्धत आहे. सभेचं इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असं घालतो. सगळे येतात, चहा पितात, सह्या करतात. वाचत कोणीच नाही. पंधरा वर्षांत कोणी एक ओळ वाचलेली नाही.

मीही तेच केलं. पाचव्या विषयात लिहिलं : ‘रद्दीच्या मोबदल्यात इतर आवश्यक साहित्य घेण्यास मान्यता.’ किती सोयीचं वाक्य! कोणाला काही कळणार नव्हतं. कपाट आतल्या कोपऱ्यात ठेवलं की झालं.

सभेला अध्यक्ष मारोतराव आले. गावातली सर्वांत मोठी शेती त्यांची. त्यांच्या पत्नी रंगूबाई आल्या, समितीत एक तरी बाई हवी म्हणून त्यांचं नाव आहे. आणखी तिघं आले. चहा झाला. मारोतरावांनी पेनाचं टोपण काढलं.

“आना गुरुजी, कुठी करू सही?”

मी इतिवृत्त पुढे सरकवलं आणि माझीच नजर पाचव्या विषयावर पडली. ‘इतर आवश्यक साहित्य.’ हा पुन्हा वर्तमानपत्राचाच कागद होता. फक्त या वेळी मी तो शब्दांचा केला होता.

“थांबा,” मी म्हणालो. “वाचून दाखवतो.”

“वाचून?” मारोतराव हसले. “तब्येत बरी हाय ना गुरुजी?”

मी ओळ खोडली. वर लिहिलं : ‘रद्दीच्या मोबदल्यात मुलींसाठी व बायकांसाठी पॅड घेऊन वाचनालयात सुटे ठेवण्यास मान्यता.’ आणि ते मोठ्यानं वाचलं. चौथीच्या वर्गात पाढे म्हणवून घ्यायचो त्या आवाजात. तो आवाज अजून शिल्लक होता, याचं माझं मलाच नवल वाटलं.

 एकानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

“गुरुजी,” मारोतराव म्हणाले, “हे वाचनालय हाय का दवाखाना? उद्या म्हनसान, दाढीचं सामानबी ठेवा.”

मी वैजयंतीचं पत्र काढलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ‘माझी दर महिन्याला चार दिवस शाळा बुडते’ इथे थोडा अडखळलो. मग हजेरीची वही उघडून टेबलावर ठेवली. “हे सहा जणींचे रिकामे चौकोन. आणि पत्र लिहिणाऱ्या मुलीला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही. रद्दीचं म्हणाल, तर आपली वर्तमानपत्रं आजही याच कामी लागतात, मारोतराव. फक्त बाहेरून.”

मारोतरावांनी टोपण पेनाला लावलं. मला वाटलं, संपलं. संस्कृती फेब्रुवारीत पुन्हा चार दिवस घरी बसणार.

तेवढ्यात रंगूबाईंनी कप खाली ठेवला.

“दाढीच्या सामानाचं काय म्हनत होते? तुमाले पाती सुटी भेटते ना? टपरीवर, नगावर. त्याच्यासाठी कोनी कागद गुंडाळते काय? तोंड लपवते काय?”

“अवं, ते येगळं...”

“काय येगळं? सांगा सगळ्याइले. मी आयकून राह्यली.”

मारोतरावांनी घसा खाकरला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोपऱ्यात झाडू घेऊन कमलीबाई उभी होती. सभा चालू असताना ती कधी आत येत नाही. त्या दिवशी आली होती आणि हलत नव्हती.

“आना इकडं,” मारोतराव म्हणाले. सही करून इतिवृत्ताची वही बायकोकडे सरकवली. “घे बाई. पहिलं तुह्यं नाव टाकाले पायजे होतं.”

रंगूबाईंनी सही करायच्या आधी ठराव वाचला. सगळा. बोट ठेवून.

कपाट कोपऱ्यात नाही, दारातून आत येताच उजव्या हाताला ठेवलं. मी त्यावर पाटी लिहिली : ‘सुटे मिळतील. नग चार रुपये. नसतील तर तसेच घ्या.’ शेजारी पैसे टाकायला एक डबा. आमच्या वाचनालयात खडूच्या तुकड्याचीही नोंद होते. या कपाटाला मात्र नोंदवही ठेवलेली नाही. मोजायची सवय मोडणं मला जड गेलं, पण कोणी घेतलं, किती घेतले, हे मला कळायचं काही कारण नाही.

पहिला शनिवार कोरडा गेला. मी कपाटाकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की मान आखडली. कमलीबाई म्हणाली, “तुमी भाहीर जाऊन बसा, गुरुजी. तुमी लाजता म्हनून पोरी लाजून राह्यल्या.” पुढच्या शनिवारी मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून हसण्याचा आवाज आला. संध्याकाळी पाहिलं तर खालचा कप्पा रिकामा होता.

काल फेब्रुवारी संपला. हजेरीचं पान पाहिलं. संस्कृतीच्या नावापुढे एकही चौकोन रिकामा नाही. सहा नावांपैकी पाच पूर्ण भरली आहेत. सहावीला ताप होता, तसं तिनं स्वतः येऊन सांगितलं. जानेवारीच्या पानावरचे सहा ‘अनियमित’ मी एकेक करून खोडले आणि प्रत्येकापुढे माझी सही केली. चूक कोणाची होती, ते वहीत दिसायला हवं.

मग पत्र लिहायला बसलो. वैजयंतीचा पत्ता कमलीबाईनं तिच्या आईकडून आणून दिला होता. ती रिसोडला शिवणकाम करते, तिला दोन वर्षांची मुलगी आहे. पहिले तीन कागद फाडले. एकात क्षमायाचना फार होती, दुसऱ्यात स्पष्टीकरणं, तिसरा तर निबंधच झाला होता. तिनं विचारलं होतं तेवढंच चौथ्यात लिहिलं :

‘चि. वैजयंतीस आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर : हो. सुटे मिळतात, तू सुचवलंस तसेच. शनिवारीच नाही, रोज. सात वर्षं उशीर झाला, दोष माझा. तुझा क्रमांक ११७ मी कोणाला दिलेला नाही. माहेरी येशील तेव्हा मुलीला घेऊन ये आणि कपाट बघ. उजव्या हाताला आहे.’

पाकीट चिकटवलं, पिनकोड दोनदा तपासला आणि भर दुपारी टपाल कार्यालयापर्यंत चालत गेलो. तांबड्या पेटीच्या तोंडाशी हात क्षणभर थबकला.

मग पाकीट आत टाकलं. ते तळाला आपटल्याचा आवाज आला.