चाराच्या खाली

"सोळा भागिले सहा," बू विनार्ती म्हणाली, "किती होतात, बापाक सुगेंग?"

"पावणेतीनसुद्धा नाहीत."

"मग?"

सुगेंगनं यादी तिच्यापुढे सरकवली. जिल्हा आरोग्य कचेरीत आकड्यांचा कारकून म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि आज त्याची साहेब असलेली ही बाई त्याच्याच हाताखाली शिकली होती. कचेरीत तिला सगळे 'बू', म्हणजे बाई, म्हणत आणि ती त्याला वडिलांना म्हणावं तसं 'बापाक'. कुठे दोन माणसं जास्त दगावली की गाव भुताखेतांवर घसरतो, म्हणून त्यानंच सगळ्यांना एक सोपा नियम घालून दिला होता. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांतला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, दोन्हींच्या बेरजेनं भागा. चाराच्या वर गेलं तर काहीतरी काळंबेरं आहे, खाली राहिलं तर योगायोग.

त्याच्या कडुंगसरी गावात गेल्या वर्षी एक तान्हं बाळ गेलं होतं, यंदा पाच. पाचवी त्याची नात. नाव पाचव्या दिवशी ठेवायचं, ती चौथ्या दिवशीच गेली. यादीत नावाचा रकाना मोकळा होता.

"विहीर कांद्याच्या शेताला चिकटून आहे," तो म्हणाला. "आठवड्यातून तीनदा औषध मारतात तिथं. पाणी तेवढं तपासायला पाठवा."

"चाराच्या खालचं प्रयोगशाळा घेत नाही. नियम तुमचाच." मग तिचा आवाज उतरला. "नातीचं ऐकलं. फार वाईट झालं हो. पण तुमच्या घरचं म्हणून सही केली, तर उद्या बाकीच्यांना काय सांगू?"

हेच त्यानं आजवर किती जणांना ऐकवलं होतं.

घरी लेक सुलास्त्री ओसरीवर बसली होती. छाती घट्ट बांधली होती, तरी पोलक्यावर दुधाचे डाग होते.

"पाठवणार का पाणी, बापाक?"

"आकडा कमी पडतो, पोरी."

"माझी धरूनसुद्धा?"

"धरूनच."

तिनं मान वर केली.

"अजून किती लागतात?"

तो हिशेब त्यानं कचेरीतच केला होता. सहा झाली तरी साडेतीनच येत होते, सात झाली तरच चाराच्या वर. लेकीशी तो आकड्यांत कधी खोटं बोलला नव्हता.

"दोन."

अंगणापलीकडे त्याच विहिरीवर शेजारची वार्सिनी पाणी काढत होती. तिला आठवा महिना लागला होता. सुलास्त्री भिंतीला धरून उठली. टाके अजून ओले होते. हळूहळू पावलं टाकत ती विहिरीपाशी गेली, वार्सिनीच्या हातातली भरलेली बादली काढून घेतली आणि तिथंच जमिनीवर ओतली.

वार्सिनीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोर सोडून दिला.