तिसरी फ्लॉपी

रंगनाथनं तिसरी फ्लॉपी पुन्हा एकदा आत सरकवली आणि खटका खाली पाडला. संगणक थोडा वेळ घरघरला, अडखळला, आणि पडद्यावर तीच हिरवी इंग्रजी ओळ उमटली: वाचता येत नाही. सकाळपासूनची ही सातवी खेप. आधीच्या दोन फ्लॉप्या मुकाट उतरल्या होत्या, नेमकी तिसरीच आडवी आली होती.

जिंतूरच्या त्या कॉलेजात संगणक एकच, आणि तोही जुना. त्यावर नवं डॉस, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, चढवायची हौस मराठी शिकवणाऱ्या रंगनाथचीच. आता जुनं अर्धं पुसलं गेलेलं आणि नवं अर्धंच आलेलं. जुन्या डॉसची फ्लॉपी तर पावसाळ्यातच बुरशीनं गेली होती. आणि आत अडकल्या होत्या कासाबाईंच्या जात्यावरच्या तीनशे बारा ओव्या. त्या लिहून घेतलेली वही त्यानं मोठ्या तोऱ्यात रद्दीत घातली होती. आता वही कशाला, असं वर म्हणालाही होता. त्या बोलण्याची आज त्याला लाज वाटत होती.

कासाबाई समोरच बसल्या होत्या. आपल्या ओव्या बघायला चारठाण्याहून दुपारच्या एसटीनं आलेल्या, चपला दाराबाहेर काढून. खोलीत जाड पडदे ओढलेले, कूलरचा गार वारा, दुपार पेंगुळलेली. त्यांचे डोळे मिटले होते. संगणक घरघरला की त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरायचा, जात्याचा खुंटा धरल्यासारखा.

"बरं दळायलंय की," त्या पुटपुटल्या. "सर, मला आता निम्म्या आठवत न्हाईत बगा. पर तिथं हायत म्हून बिनघोर हाय."

रंगनाथनं खटका वर केला.

"थोडं अडलंय, मावशी. होईल."

"हू द्या सावकाश." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दसऱ्याला तुमी हितं पूजा मांडली व्हती. समद्यांचं झाल्यावर ताट माज्याम्होरं धरलं. मालक जाऊन तीस वर्सं झाली, कुंकवाला बोट लागलं न्हवतं. तुमी टोकलं न्हाई, सर. म्या त्ये बोट दिसभर धुतलं न्हाई."

रंगनाथचा हात थबकला. त्यानं फ्लॉपी बाहेर काढली, खिडकीशी गेला, पडदा जरासा सारला. काळ्या पाकिटाच्या मधल्या फटीत आतली तपकिरी तबकडी उघडी असते. तिथं लाल कण चिकटले होते. दसऱ्याला या नव्या फ्लॉप्या संगणकाशेजारीच पूजेला ठेवल्या होत्या. कासाबाईंना तेवढीच जागा कपाळासारखी दिसली असणार. त्याला क्षणभर राग आला आणि लगेच त्या रागाचंच वाईट वाटलं.

त्यानं ब्लेडनं पाकिटाची कड कापली. तबकडी अलगद काढून वाडग्यातल्या पाण्यात फिरवली. पाणी गुलाबी झालं.

"लाल कशानं झालं वो पाणी?"

"गंज आहे, मावशी. जुन्या यंत्राला यायचाच."

कासाबाई वाडग्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं आणि ते पदरात घेतलं.

तबकडी कापसानं टिपून, पंख्याखाली वाळवून रंगनाथनं ती दुसऱ्या एका बाद फ्लॉपीच्या रिकाम्या पाकिटात घातली. खटका पाडला. घरघर सुरू झाली, चालूच राहिली, आणि पडद्यानं चौथी फ्लॉपी मागितली.

चार वाजता पडद्यावर देवनागरी अक्षरं उभी राहिली. ओव्या जागच्या जागी होत्या. पहिल्या ओवीची पहिली ओळ त्यानं वाचली. दुसरी कासाबाईंनीच पुरी केली, अगदी हळू, झोपेत बोलावं तशी.

निघताना त्या दारात थांबल्या. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा होता.

"सर, पुढल्या दसऱ्याला म्या नुस्तं फूल वाहीन."

रंगनाथनं बाहीनं संगणकाच्या पडद्याची वरची कड पुसली, पुन्हा पुसली.

"नाही मावशी, कुंकूच लावा," तो म्हणाला. "फक्त इथं लावा. ह्याच्या कपाळाला."