खिशातला बेडूक

सरकारनं इंटरनेट बंद केलं तेव्हा कारण दिलं 'देखभाल'. ही देखभाल इतकी कसून चालली की ती संपायचं नाव घेईना. फोनवरचं बोलणंही तिच्यातच वाहून गेलं. कालव्यावरच्या पुलाच्या तोंडाशी एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं मात्र झुंबड उडाली, कारण निम्म्या लोकांची खात्री होती की बिघडलाय तो आपलाच फोन. दुकानदार सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगायचा. मग त्याचा घसा बसला. मग तो फोन घ्यायचा, उघडायचा, आत एक फुंकर मारायचा, मिटायचा आणि परत द्यायचा. लोक समाधानानं घरी जायचे.

या दुकानदाराला सगळे चिमटा म्हणत. एक तर त्याच्या बोटांत कायम चिमटा असे, आणि दुसरं म्हणजे तो उभा राहिला की साधारण तसाच दिसे.

चिमटा बंडखोरांच्या गटात होता, पण स्वतःच्या पायांनी गेला नव्हता. आईनं पोराचं नाव पोहण्याच्या क्लासला घालावं तसं धाकट्या बहिणीनं त्याचं नाव तिकडे घातलं होतं. "दादा, तू फक्त फोन बघायचे. बाकी काही करायचं नाही," ती म्हणाली होती. आयुष्यात इतकं नेमकं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो हो म्हणाला. बाकीचं सगळं ती करायची. पत्रकं वाटायची, भाषणं ठोकायची, पोलिसांशी हुज्जत घालायची. आता तिच्या नावाचं वॉरंट निघालं होतं आणि ती कालव्यापलीकडे एका बेकरीच्या माळ्यावर लपली होती. पुलावर नाकाबंदी होती. पास असल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते, आणि पास मिळवायला पलीकडच्या कचेरीत जावं लागत होतं.

तरी निरोप जायचे. गटातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप होतं. त्याला इंटरनेट लागत नसे. गल्लीच्या रुंदीएवढ्या अंतरात तसाच दुसरा फोन आला की निरोप याच्यातून त्याच्यात उडी मारायचा, त्याच्यातून पुढच्यात, आणि ज्याचा असेल त्याच्याकडे पोचला की उघडायचा. मधल्या कुणाला तो वाचता येत नसे. असं हे क्रांतीचं जाळं शहरभर पसरलं होतं, आणि त्यातून सर्वांत जास्त वेळा जाणारा निरोप होता, "जेवलास का?" हा धाकटीचा. दुपारी एकदा, रात्री एकदा. चिमटा "हो" लिहायचा. मग "काय?" असा निरोप यायचा. सरकारी तज्ज्ञ हे कुलूपबंद निरोप फोडायला रक्ताचं पाणी करत होते म्हणे.

पण एक गोष्ट कुणाला कळत नव्हती. चिमट्याचं दुकान अलीकडच्या तोंडाशी, गटातल्या शिंप्याचं दुकान पलीकडच्या तोंडाशी, आणि मधलं अंतर एका उडीत संपणारं नव्हतं. मग निरोप पोचत कसे होते?

हे कोडं बाईंनी सोडवलं. बाई म्हणजे गटाच्या प्रमुख. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे समोरच्याला अजूनही उत्तर दिशा विचारायच्या. त्या दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "चिमट्या, तो माणूस जेवायला गेला की निरोप थांबतात. आला की सुरू होतात."

"कोण माणूस?"

बाईंनी हनुवटीनं दाखवलं. पुलाच्या तोंडाशी एक रिकामा चौथरा होता. पुतळा कुणाचा बसवायचा यावर एकमत झालं नव्हतं, तोवर चौथरा बांधून झाला होता. त्याला टेकून एक पन्नाशीचा माणूस दिवसभर उभा असायचा. शर्ट साधा, पँट साधी, बूट मात्र सरकारी. चिमट्याच्या दुकानावर नजर ठेवायला नेमलेला साध्या वेशातला पोलीस. अख्खी गल्ली त्याला साधेवेश म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यालाही ते माहीत होतं.

"बंडखोर काय लिहितात ते कळावं म्हणून खात्यानं यांच्या फोनमध्ये आपलं ॲप घालायला लावलंय," बाई म्हणाल्या. "वाचता काही येत नाही. पण ॲप बिचारं इमानदार. आपल्याकडून आलेला निरोप पलीकडे शिंप्याकडे ढकलतंय."

"म्हणजे आपलं जाळं…"

"आपल्या जाळ्याचा कणा सरकारी पगारावर आहे. त्याला जपायचं."

त्या दिवसापासून गटाचं मुख्य काम साधेवेशला जपणं हे झालं. त्याला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून चौथऱ्याशी छत्री आली. गुडघे दुखतात असं कळल्यावर दुकानातली खुर्ची गेली. चहा तर दिवसातून कितीदा जायचा त्याला मोजदाद नव्हती. साधेवेशही मोकळा होत गेला. सारखा फोनबद्दल कुरकुरायचा.

"अहो मेकॅनिक, हे खात्याचं ॲप टाकल्यापासून बॅटरी टिकत नाही. आणि सारखा थरथरतो. निरोप आला की थरथर, गेला की थरथर. खिशात बेडूक घेऊन फिरल्यासारखं वाटतं."

"बघू काका."

चिमट्यानं फोन उघडला. पोलिसाचा फोन असा पोट उघडून समोर पडलेला. गटातल्या दुसऱ्या कुणाला ही संधी मिळाली असती तर काय काय केलं असतं! चिमट्यानं बॅटरी बदलली. जुनी फुगली होती, तिच्या जागी दुकानातली सर्वांत चांगली घातली, फुंकर मारली आणि फोन मिटला. "फक्त फोन बघायचे" हे त्याला तंतोतंत समजलं होतं.

अडचण वेगळीच होती. दुकानात संशयास्पद काहीच घडत नाही असं वरिष्ठांना वाटलं तर साधेवेशला तिथून हलवतील. म्हणून थोडा संशय येत राहणं गरजेचं होतं. फार आला तर धाड, कमी आला तर बदली. बाई रोज मात्रा ठरवून द्यायच्या. "आज शटर अर्धं ओढ आणि दोनदा बाहेर डोकाव." चिमटा डोकावायचा. त्याचा चेहरा मुळातच इतका घाबरट की नाटक करावं लागत नसे. पण साधेवेश खुर्चीत बसून हात हलवायचा आणि विचारायचा, "काय मेकॅनिक, चहा का?"

एका दुपारी तो स्वतःच दुकानात आला आणि स्टुलावर टेकला. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

"चाललो बरं का मी. आजचा शेवटचा दिवस."

चिमट्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. "का हो काका?"

"वर म्हणाले, तुझ्या अहवालात रोज तेच. 'दुकानदार घाबरलेला दिसतो.' आता दुसरं काय लिहिणार? दिसताच तुम्ही. मग म्हणाले, तिथं काही नाही, पलीकडे माणसं कमी पडतायत. संध्याकाळी त्या बेकरीवर जायचंय सगळ्यांना. गाडी इथूनच उचलणार आहे." त्यानं गुडघा चोळला. "बेकरीत कसला आलाय बंडखोर. पण जायचं म्हणजे जायचं."

हे तो असंच बोलून गेला की मुद्दाम, हे चिमट्याला कळलं नाही. तेव्हा विचार करायला वेळही नव्हता. तो "आलोच" म्हणून आत गेला आणि फोनवर लिहिलं, "संध्याकाळी बेकरीवर धाड. आत्ता निघ." बाहेरून आवाज आला, "उडाला बघा बेडूक!"

निरोप साधेवेशच्या खिशात पोचला होता. पण पुढे? शिंप्याची दाढ सुजली होती, म्हणून पलीकडचं दुकान आज बंद. पुढची उडी मारायला फोनच नव्हता. म्हणजे निरोप खिशातच बसून राहणार, आणि संध्याकाळी पोलिसांच्या गाडीत बसून, धाडीबरोबरच बेकरीत पोचणार. धाकटीला इशारा मिळेल तेव्हा तो आणणारेच दारात उभे असतील.

साधेवेशला आत्ताच्या आत्ता पलीकडे न्यायला हवं होतं. त्याला पलीकडे नेईल असं काय होतं? पोलीस चौकी पलीकडे होती. आणि पास नसताना पूल ओलांडू शकतील अशी माणसं एकाच जातीची होती. अटक झालेली.

चिमट्यानं स्वतःचा फोन उघडला. पडदा, बॅटरी, पट्ट्या, स्क्रू सगळं सुटं केलं आणि भंगाराच्या ट्रेमध्ये कालवून टाकलं. आता तो निरोप जगात फक्त एका पोलिसाच्या खिशात होता. तो बाहेर आला.

"काका, मला अटक करा."

"कशाबद्दल?"

"मी बंडखोर आहे."

"असाल," साधेवेश म्हणाला. "बसा जरा."

"अहो, कबुली देतोय मी!"

"मेकॅनिक, कबुली दिलीत की ढीगभर कागद भरावे लागतात. माझा शेवटचा दिवस आहे, टेकू द्या." मग त्याचा आवाज उतरला. "आणि तुम्ही आत गेलेली माणसं बघितली नाहीत. मी बघितलीत. तुमचं काम बोटांचं आहे. बोटं सांभाळा. दुकानात बसा."

चिमट्यानं आपल्या बोटांकडे बघितलं. त्यानं आयुष्यभर सांभाळलेली एकमेव मालमत्ता. मग त्याला धाकटी लहान असतानाची आठवली. झाडावर चढायची आणि वरून ओरडायची, "दादा, तू खाली थांब, मी पडले तर धर!" तो तासन्‌तास खाली उभा राहायचा. ती कधी पडली नाही. पण तो उभा होता म्हणूनच ती इतक्या वर जायची, हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं.

तो दुकानाबाहेर पडला, साधेवेशच्या खुर्चीवर पाय दिला आणि चौथऱ्यावर चढला.

नाक्यावरची रांग वळून बघू लागली. आता घोषणा द्यायला हवी होती. चिमट्याला एकही घोषणा येत नव्हती. तो विभाग धाकटीचा. त्याला पाठ येत होती ती फक्त दुकानावरची पाटी.

"इथं सर्व कंपन्यांचे फोन दुरुस्त करून मिळतील!" तो जीव तोडून ओरडला. "स्क्रीन! बॅटरी! चार्जिंग! काम खात्रीशीर!"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पुतळा बसवला वाटतं."

"पण काय उपयोग?" चिमटा ओरडला, आणि हे पाटीवर नव्हतं. "मी फुंकरा मारतोय नुसत्या! फोन चांगले आहेत हो सगळ्यांचे! तुम्ही सगळे चांगले आहात! बंद त्यांनी केलंय! सुरू करायला सांगा त्यांना!"

रांगेत कुणीतरी एकच टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातला. नाक्यावरचे शिपाई बंदुका सावरून बघू लागले. आता काही इलाज नव्हता. ते येण्याआधी साधेवेश गुडघा धरत चौथऱ्याशी आला आणि खालून म्हणाला, "उतरा. धरतो मी. सावकाश."

बेड्या त्याच्याजवळ नव्हत्या. दुकानातली चार्जरची वायर घेऊन त्यानं हात बांधले. बोटांपासून लांब, मनगटाच्या वर, सैल. मग त्याला बांधल्या हातांनीच शटर ओढू दिलं आणि विचारलं, "कुलूप नीट लावलंत ना?"

पूल ओलांडला. पलीकडे चौकीला जायला दोन वाटा होत्या, एक मोठ्या रस्त्यानं सरळ आणि एक बेकरीच्या गल्लीतून वळसा घालून. पाय मुरगळल्याचं सोंग करून आडवाट घ्यायला कसं लावावं याची चिमट्यानं मनात जुळवाजुळव चालवली होती. तोवर साधेवेशच गल्लीत वळला.

"इकडून जाऊ. मोठ्या रस्त्यानं ऊन लागतं."

चिमट्यानं वर बघितलं. सूर्याचा पत्ता नव्हता.

बेकरीखाली येताच साधेवेश थांबला. "गुडघा," म्हणाला, आणि पायरीवर बसून चोळत राहिला. एरवीपेक्षा बराच वेळ. भाजलेल्या पावाचा वास येत होता. माळ्याची खिडकी बंद होती. चिमटा खिशाकडे बघत होता. इतक्या आशेनं त्यानं कुठल्याच खिशाकडे कधी बघितलं नव्हतं.

बेडूक उडाला.

"झालं," साधेवेश उठत म्हणाला. "गुडघ्याचं म्हणतोय."

चौकीत अधिकाऱ्यानं गुन्हा विचारला. साधेवेशनं सांगितलं, "चौथऱ्यावर चढून दुकानाची जाहिरात, आणि नंतर थोडा राजद्रोह." अधिकाऱ्यानं त्याच्याकडे रागानं बघितलं. "म्हणजे दुकानावर काही नाही म्हणून आम्ही तुला हलवत होतो, आणि मुख्य माणूस तिथंच! उद्यापासून परत तिथंच उभा राहायचं."

"पण साहेब, दुकानदार तर आत आहे."

"म्हणून काय झालं? नजर दुकानावर ठेवायची आहे."

चिमट्याला कोठडीत ढकललं. दगडी बाक, उंचावर एक झरोका. बोटं अजून जागच्या जागी होती. ती किती दिवस राहतील ते त्याला माहीत नव्हतं. इंटरनेट गेल्यापासून त्याचं जग एका गल्लीएवढं झालं होतं, आणि त्या गल्लीत त्याची रोज चौकशी करणारी माणसं दोन. एक दिसत नव्हती आणि दुसरा पोलीस होता. हे असं कसं झालं, याचा तो विचार करत बसला. विचार पुढे गेला नाही. संध्याकाळी गाडी निघाल्याचा आवाज आला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

गाडी परतली तेव्हा बाहेर चिडचिड चालली होती. मग गजांशी साधेवेश आला. शर्टाला पीठ लागलेलं.

"माळा रिकामा," तो म्हणाला. "पाव सोडून काही सापडलं नाही. गरम होते मात्र."

चिमटा खाली बसला.

"उद्यापासून परत चौथऱ्याशी मी. खुर्ची आहे ना तिथंच?"

"आहे, काका. छत्रीपण."

"मग ठीक." साधेवेश जरा घुटमळला. "येताना गल्लीच्या टोकाशी गर्दी होती बघ्यांची. तिथून गाडी हळू काढली, तर हा पुन्हा उडाला." त्यानं फोन काढून पडद्याकडे बघितलं. "काय म्हणतो कोण जाणे. आमच्या तज्ज्ञांनासुद्धा उघडत नाही."

चिमट्यानं गज धरले. आपल्याला हसू येतंय की रडू, हे त्याचं त्यालाच कळेना.

"काही नसतं हो त्यात. जेवलास का, एवढंच विचारलेलं असतं."

साधेवेशनं फोन खिशात ठेवला. इकडेतिकडे बघितलं, आणि दुसऱ्या खिशातून कागदात गुंडाळलेला पाव काढून गजांमधून आत सरकवला.

"मग? जेवलात का?"