उजव्या पंखातली नसलेली जाळी

मी एक जुने लढाऊ विमान आहे, पण मला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. मी संगणकाच्या आत राहतो. हवाई लढाईचा एक खेळ आहे, त्यात मी उडतो. रोज हजारो माणसे मला उडवतात, पाडतात आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा नवे कोरे करून आकाशात नेतात. मित्रांनो, इतक्या वेळा पडूनही मला कधी दुखले नव्हते. दुखले ते एका शनिवारी, आणि तेही धावपट्टीवर अगदी अलगद उतरल्यावर.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका ऑफिसात झाला. खाली दाताचा दवाखाना होता. तिथले मशीन सुरू झाले की त्याची घरघर फरशीतून वर यायची आणि ऑफिसातली माणसे नकळत आपापला गाल धरायची. माणसे तरी किती? एक दादा, ज्याने मला आकार आणि रंग दिला. एक ताई, जिने माझी सारी गणिते लिहिली. आणि एक लांब मानेचा, सतत चष्मा पुसणारा माणूस, ज्याला सगळे तराजू म्हणायचे. खेळातले कुठलेही विमान दुसऱ्यापेक्षा फार वरचढ होऊ नये, हे बघणे त्याचे काम. त्याला खरे-खोटे कळत नव्हते असे नाही, पण त्याचा जीव तोलात अडकलेला असायचा.

तुम्हाला वाटेल, पडद्यावर दिसते ते विमान म्हणजे मी. छे! ते माझे कपडे. खरा मी आत आहे. माझ्या अंगात एकशे बेचाळीस अदृश्य डबे आहेत. एक डबा म्हणजे इंजिन, एक म्हणजे पेट्रोलची टाकी, एक म्हणजे शेपटीकडे जाणारी तार. प्रत्येक डब्याची ताकद एका आकड्यात लिहिलेली असते. गोळी ज्या डब्याला लागेल त्याचा आकडा उतरतो. तो शून्यावर आला की तो भाग गेला. माझे सगळे नशीब या डब्यांवर अवलंबून, आणि ते डबे कुणालाच दिसत नाहीत.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ताईचे वडील तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. माझ्या जातीची खरी विमाने त्यांच्या हाताखालून गेली होती. तेव्हाही ती जुनीच म्हणायची, पण कामाला वाघ होती. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणायचे. काका वहीत चित्र काढून सांगायचे, "ही तेल गार करायची जाळी. डाव्या पंखाखाली असते. इंजिनचं सगळं तेल हिच्यातून फिरतं, आणि तेल संपलं की इंजिन अडकतं. हिला जपायचं." ताई ते लिहून घ्यायची. खेळ मात्र काकांनी कधी बघितला नव्हता. पडद्यावरची विमाने बघून आपल्याला गरगरते, असे सांगून ते टाळायचे. गरगरण्याचे खरे कारण वेगळे होते, ते आम्हाला फार उशिरा कळले.

खेळ बाजारात आला आणि माझे दिवस पालटले. मला कितीही गोळ्या लागोत, मी धूर सोडत, रखडत का होईना घरी यायचो. खेळाडूंनी माझे नाव अमरपट्टा ठेवले. शंभरातले चाळीस जण मलाच निवडू लागले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो. बाकीची विमाने बिचारी कोपऱ्यात धूळ खात होती, आणि मला त्यांची दयासुद्धा आली नाही.

तराजूला मात्र हे खुपत होते. तो दर आठवड्याला ताईच्या टेबलाशी यायचा.

"अहो ताई, तुमचा हा अमरपट्टा फारच शेफारलाय. मी त्याची शेपटी पंधरा टक्क्यांनी कच्ची करतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"हात लावायचा नाही," ताई म्हणायची. "बाबांनी एकेक भाग सांगितलाय. हे विमान होतंच तसं. खेळाडू रडतात म्हणून खरं बदलायचं का?"

"खेळाडू तक्रारी तरी किती करतायत बघा. एक जण म्हणतो, उजव्या पंखाला गोळी लागली तरी तेल गळतं."

"उजव्या पंखात तेलाचा थेंब नाही. बाबांना विचारा हवं तर."

बोलणे तिथेच संपायचे. विचारायला कुणी गेले नाही.

मग तो शनिवार आला. काकांची दाढ खाली दवाखान्यात काढली होती. अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस, अशा अवस्थेत ते जिना चढून वर आले. ताईला आश्चर्य वाटले. त्याहून आश्चर्य म्हणजे ते आपण होऊन पडद्यासमोर बसले.

"एक करून दाखवतेस?" ते बोबडे बोलले. "डाव्या पंखाखाली जाळीला गोळी. खाली समुद्र. घर अकरा मिनिटांवर."

ताईला वाटले, बाबांना अखेर आपल्या कामात गोडी वाटू लागली. तिने उत्साहाने सगळे मांडले. जाळीला गोळी लागली. माझे तेल गळू लागले. आणि अकराव्या मिनिटाला मी रुबाबात धावपट्टीवर उतरलो.

"पुन्हा," काका म्हणाले.

पुन्हा उतरलो. पुन्हा. बारा वेळा गोळी लागली आणि बाराही वेळा मी घरी आलो. मित्रांनो, मी त्या म्हाताऱ्यासमोर ऐट करत होतो. प्रत्येक वेळी मला वाटत होते, आता शाबासकी मिळेल.

"बघितलंत?" ताई हसून म्हणाली. "उगाच नाही अमरपट्टा म्हणत!"

काकांनी तोंडातला कापूस काढून रुमालात गुंडाळला. "म्हणजे साहेब गोळीनं नव्हते गेले," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेले."

ताईचे हसू तसेच ओठांवर राहिले. इंजेक्शनमुळे बाबा भलतेच काही बोलतायत, असे तिला क्षणभर वाटले. पण काका शुद्धीवर होते, आणि पन्नास वर्षांत जे घरात कुणाला सांगितले नव्हते ते सांगत होते. लढाईतल्या एका सकाळी त्यांनी साहेबांच्या विमानात तेलाच्या नळीचा जोड आवळला होता. जोड सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर बारीक तार पिळून बांधायची असते. ती तार बांधली की नाही, हे त्यांना आठवत नव्हते. दुपारी रेडिओवर वैमानिकाचा, म्हणजे साहेबांचा, निरोप आला, 'डाव्या पंखाखाली जाळीला लागलंय, तेल जातंय, परत येतोय.' पण ते परत आले नाहीत. विमानही समुद्रातून मिळाले नाही. चौकशीत नेमके कारण कळले नाही.

"मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो, की गोळीनंच घात केला," काका म्हणाले. "पण तुझं गणित म्हणतं, नुसती गोळी असती तर तेल घरापर्यंत पुरलं असतं. मग नाही पुरलं ते त्या जोडातून गेलं. मी आपला पाना चालवणारा माणूस. गणित तुझं. ते चुकायचं नाही."

मी थिजलो. मला पाडताना हजारो माणसे ओरडली होती, शिव्या घालून गेली होती, पण माझ्या सुखरूप उतरण्याने कुणाचा जीव असा गळून पडेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते. काका उठले. साहेबांची धाकटी बहीण दोन तासांच्या अंतरावर एका गावात राहते, तिला हे सांगायलाच हवे, एवढे बोलून ते जिना उतरू लागले. ताई मागे धावली आणि दारातच थांबली. ज्या गणिताचा तिला अभिमान होता ते तिनेच खोटे म्हणावे तरी कसे?

ती परत येऊन खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. तराजू दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. चष्मा पुसत तो तिच्या टेबलाशी आला.

"ताई," तो म्हणाला, "रागवू नका. ती उजव्या पंखाची तक्रार एकाची नाही, सव्वीस जणांची आहे. एकदा डबे उघडून बघू या?"

ताईने डोळे पुसले आणि माझे अदृश्य डबे दिसतील असे केले. माझे कपडे उतरले. मी स्वतःला पहिल्यांदाच आतून पाहिले, आणि मला जो धक्का बसला तो कसा सांगू! डाव्या पंखाखाली तेलाची जाळी होती. आणि उजव्या पंखाखाली, थेट तिच्यासमोर, तशीच आणखी एक जाळी होती.

दादाला फोन करून बोलावले. तो पडदा बघून खालीच बसला.

"मी अर्धंच विमान करतो," तो पुटपुटला. "डावी बाजू करायची आणि आरशासारखी उलटी उजवीकडे टाकायची. सगळेच करतात, वेळ वाचतो. मग उजवीकडचं जादा पुसायचं. मी पुसलं होतं हो ताई! बाहेरून दिसत होतं ते सगळं पुसलं होतं."

जे दिसत नव्हते ते राहून गेले होते. संगणकाने प्रामाणिकपणे माझे तेल दोन जाळ्यांत अर्धे अर्धे वाटले होते. एक फुटली की अर्धे जायचे, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी घर गाठायचो. हेच माझे शौर्य, हाच माझा अमरपट्टा! आमच्या जातीच्या एकाही खऱ्या विमानाला जी जाळी कधी नव्हती, तिच्या जोरावर मी मिरवत होतो आणि एका भल्या माणसाला गुन्हेगार ठरवून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

ताईने उजवी जाळी काढली. गोळी, समुद्र, अकरा मिनिटे. या वेळी सहाव्या मिनिटाला माझे इंजिन अडकले आणि मी पाण्यात गेलो. बारा वेळा केले. एकदाही सातवे मिनिट दिसले नाही.

काकांचा फोन बंद होता. ताई माझ्यासकट लॅपटॉप काखेत मारून पुढच्या बसने त्या गावी गेली. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. काका एका बंद दाराबाहेर पायरीवर बसले होते. त्यांनी सगळे सांगून टाकले होते, आणि त्या बाईंनी दार लावून घेतले होते.

ताईने दार ठोठावले. बऱ्याच वेळाने कडी निघाली. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई होत्या त्या. रडून डोळे सुजले होते.

"आता काय राहिलंय?" त्या म्हणाल्या.

"चूक माझी आहे मावशी," ताई म्हणाली. "बाबांची नाही. पाच मिनिटं द्या."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ताईने आधी दुसरी जाळी दाखवली, मग ती काढून टाकली, मग मला उडवले. बाईंचा हात तोंडावर गेला. काका भिंतीला टेकून उभे होते. सहाव्या मिनिटाला इंजिन अडकले आणि मी पाण्यात गेलो.

"पण तार बांधली होती की नाही, ते मला अजून आठवत नाही," काका म्हणाले. हे ते न बोलते तरी चालले असते. पण ते तसे माणूसच नव्हते.

"बांधली असती तरी तो आला नसता ना?" बाईंनी ताईला विचारले.

"नसते आले. या गोळीनंतर कुणीच आलं नसतं."

"मग बसा की हो," बाई काकांना म्हणाल्या. "कधीचे उभे आहात."

मित्रांनो, दुरुस्त झालेला मी सोमवारी सगळ्या खेळाडूंकडे गेलो आणि एकच गहजब झाला. 'अमरपट्टा मेला', 'आमचे विमान परत द्या', असे आठवडाभर चालले. खेळाचे मालकही फोनवरून म्हणाले, जाळी परत बसवा, कुणाला दिसतेय? मला वाटले आता तराजू पुढे सरसावेल. तो सरसावला खरा, पण भलत्याच बाजूने.

"विमानाला खोटं बोलायला लावायचं नाही," तो म्हणाला. "तोल मी बाहेरून साधतो. समोर दोन विमानं असतील तर याची तीन पाठवू. पण याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही."

आता शंभरातले चारच जण मला निवडतात. आठ-आठ दिवस मी हँगरात नुसता उभा असतो. वाईट वाटते, नाही म्हणत नाही. पण माझे एवढे ऐका. तुम्ही मोठे होऊन काही बनवाल, तेव्हा दिसते ते जसे निगुतीने पुसता तसे न दिसणारेही पुसा. आणि कुणी सव्वीस वेळा तक्रार केली, तर एकदा तरी उघडून बघा.

बाई आता महिन्यातून एकदा ऑफिसात येतात. परवा काकाही होते. बाई ताईला म्हणाल्या, "आज गोळी नको. नुसतंच घरी आण." समुद्रावरून अकरा मिनिटे मी उडत राहिलो. इंजिन एका लयीत चालले होते. चाके टेकली, मी धावत धावत मंदावलो आणि थांबलो. काका झटकन खुर्चीतून उठले, दोन पावले पडद्याकडे गेले, आणि वैमानिकाला उतरवून घ्यायला त्यांनी हात वर केला.