हातचा

वहिनीने हात वर केला तसा बारक्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. रोलरवर सुसाट फिरणारी मागची चाकं कुरकुरत मंदावली, गाडीला जखडून ठेवणारे पट्टे सैल पडले, आणि गॅरेजात एवढी शांतता झाली की भिंतीवरचा पंखा चालू आहे हे पुन्हा कळायला लागलं. वहिनीने आवाज अडवायला कानांवर लावलेले मफ गळ्यात ओढले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची इंजिनाच्या ताकदीची रेघ बघत उभी राहिली. रेघ चांगली होती. तिला हवी होती त्याहून चांगली होती.

"किती?" बारक्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं.

"आधी उतर तरी."

"उतरतो. किती जाईल ते सांग."

बारक्या तिचा धाकटा दीर. हे नाव पडलं तेव्हा तो खरोखरच बारका होता. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो दुसरीत होता आणि नाक पुसायचीसुद्धा त्याला आठवण करावी लागे. आता या बुटक्या गाडीतून उतरायचं तर आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला ऐवज, असं त्याला हप्त्याहप्त्याने बाहेर यावं लागायचं. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे त्याचा अभ्यास वहिनीने घेतला. बेरीज मांडायला बसला की हातचा विसरायचा. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक, असं ती घोकून घ्यायची आणि पुढच्या ओळीत तो एक हमखास कुठेतरी सांडलेला असायचा.

मोठेपणी मात्र तो वहिनीचा हातचा कधी विसरला नाही.

त्याचं असं होतं. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, गिअरबॉक्स बांधायचा, बारक्या इंजिनं उघडायचा, आणि सुधारलेली गाडी जास्तीत जास्त किती पळेल याचा अंदाज वहिनी काढायची. चाकांपर्यंत पोचणारी ताकद, समोरून रेटणारा वारा, वरच्या गिअरमध्ये इंजिन कुठवर फिरतं, हे सगळं मांडून ती आकडा काढी, आणि तो सहसा चुकत नसे. पण सांगताना ती त्यातला दहावा हिस्सा गिळून टाकी. आकडा सांगितला की माणूस त्याच्या पुढे जाऊन बघतोच, हा तिचा अनुभव. दोनशे चाळीसची गाडी ती दोनशे पंधराची म्हणून द्यायची. गिऱ्हाईक दोनशे पंचवीसला टेकून छाती फुगवून परत यायचं.

"वहिनी, तुमच्या हिशेबाच्या वर काढली."

"तुमचा हातच चांगला आहे हो," असं म्हणून वहिनी पुढच्या कामाला लागे. गिऱ्हाईक खूश, गाडी धड, माणूसही धड.

बारक्याला हे कळलं आणि त्याने या सवयीचं बारसं करून टाकलं, वहिनीचा हातचा. तेव्हापासून तिने काहीही सांगितलं तरी तो मनात एक दशांश मिळवूनच ऐके. डॉक्टरांनी किती दिवस विश्रांती सांगितली आहे, पाहुणे किती येणार आहेत, सगळ्याला हाच नियम. "यात हातचा नाही," असं ती कधीकधी बजावायची, तेही चेहरा सरळ ठेवून, आणि त्यातही तो असायचाच. घरात हा खेळ वर्षानुवर्षं रंगला होता.

आता बारक्या गाडीतून उतरून समोर उभा होता.

"वहिनी, तीनशे होतील?"

इंजिनाला विचारलं तर होत होते. तीनशेच्या थोडं वरही जात होती गाडी. पण वहिनीच्या टेबलावर दुसरीही एक रेघ होती. मागच्या आठवड्यात गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर त्यांनी गाडी पळवली, तेव्हा पुढच्या चाकांवर किती भार राहतो हे मोजायला तिने मापक लावला होता. पुढच्या बंपरखालची पट्टी वारा अडवते म्हणून बारक्याने काढून टाकली होती. पट्टी गेली तसा वारा गाडीच्या पोटाखाली शिरायला लागला. वेग वाढेल तसं गाडीचं नाक वर उचललं जात होतं. ती रेघ पुढे ओढत नेली की दोनशे सत्तरच्या आसपास पुढच्या चाकांवर भार असून नसल्यासारखा होत होता. तिथून पुढे स्टिअरिंग फिरवलं काय आणि हवेत हात फिरवला काय, सारखंच.

"दोनशे सत्तर," वहिनी म्हणाली. "त्याच्या पुढे पुढची चाकं जमीन सोडतील."

बारक्या हसला. "म्हणजे तीनशे."

"म्हणजे दोनशे सत्तर. बारक्या, यात हातचा नाही."

"बरं," असं म्हणून त्याने डोळा मिचकावला.

तिने त्याला ओढत टेबलापाशी नेलं आणि दुसरी रेघ दाखवली. त्याने ती नीट बघितली. मग म्हणाला, "ही रेघ दोनशे तीसपर्यंत मापकाची आहे. पुढची तू काढलीस."

"मग? अंदाज असाच काढतात."

"तेच म्हणतोय मी. काढणारी तू आहेस."

वहिनी खरं बोलत होती आणि खरं बोलण्याची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

"पट्टी परत लाव. दोनशे ऐंशी तरी आरामात जाईल."

"ऐंशी नको आहेत मला." बारक्या पट्टे सोडवायला खाली वाकला. चेहरा दिसत नव्हता तेव्हा म्हणाला, "त्या पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याने तीनशेवर काटा टेकलेल्या मीटरचा फोटो दारात लावलाय. पेट्रोल पंपावर त्याची माणसं मला काय म्हणतात माहीत आहे? तुमच्या वहिनीच्या गाड्या दिसायला बऱ्या, आकड्यात कच्च्या. तुझे आकडे घेऊन लोक बोलतात, वहिनी. त्यांना कुठे माहीत आहे तू किती मागे ठेवतेस ते. उद्या सकाळी एकदाच तीनशे काढतो, की तोंडं बंद होतील सगळ्यांची."

म्हणजे हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं. वहिनीला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती पडदा बंद करायला वळली.

संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. दादा मुळात अबोल. घास चावून झाल्याशिवाय तो मत देत नसे.

"गाडीचा कॉम्प्युटर तुझ्या हातात आहे," तो म्हणाला. "दोनशे साठला आवळून टाक. त्याला कळणारही नाही."

"कळेल. पहिल्याच फेरीत कळेल. मग बाहेरून कोणाकडून तरी तासाभरात सोडवून आणेल आणि एकटाच जाईल. आपल्याला सांगणारही नाही."

"मग मी बोलतो त्याच्याशी. मोठा भाऊ आहे मी."

"काय सांगाल? माझाच आकडा सांगाल ना?"

दादाने ताटातला भात एका बाजूला सारला, मग दुसऱ्या बाजूला. वहिनी त्याच्याकडे बघत होती, पण मनात हिशेब चालू होता. दोनशे सत्तर सांगितलं तर तो तीनशे ऐकतो. त्याने दोनशे सत्तर ऐकायला हवं असेल तर दोनशे पंचेचाळीस सांगायला हवं, आणि ते सांगितलं तर तो तोंडावर हसेल, कारण मागच्या आठवड्यात दोनशे तीसला गाडीला धापही लागली नव्हती. कुठूनही गेलं तरी खरा आकडा त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. माणसं सुखरूप राहावीत म्हणून इतकी वर्षं ती मागे ठेवत आली, आणि नेमक्या घरच्या माणसाला द्यायला तिच्याकडे एक सरळ आकडा उरला नव्हता.

"अहो," ती थोड्या वेळाने म्हणाली, "वजन कमी करायला गाडीतली डावीकडची सीट काढली होती ना? तिचे बोल्ट कुठे आहेत?"

दादाने मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचा घास हातातच राहिला. नको, असं तो म्हणाला नाही. या घरात वहिनीला नको म्हणून काही थांबत नसे, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तो उठला, हात धुतले आणि गॅरेजात गेला. सीट बसवायला फार वेळ लागत नाही. दादा मात्र बराच वेळ आत होता. एकेक बोल्ट आवळून झाला की पुन्हा पहिल्यापासून तपासत होता.

सकाळी धावपट्टीवर वारा नव्हता. भेगांमधून उगवलेलं गवतसुद्धा हलत नव्हतं. बारक्याने ट्रेलरवरून गाडी उतरवली, दार उघडलं आणि आत बघून थबकला.

"ही सीट कोणी बसवली?"

"मी," दादा दुसरीकडे बघत म्हणाला.

"वजन वाढेल की, दादा. आणि बसणार कोण?"

वहिनी हेल्मेट घालत होती. पट्टा तिला लागेना, तेव्हा दादाने पुढे होऊन लावून दिला.

"वहिनी, उगाच काहीतरी करू नकोस."

"उगाच कशाला? तू तीनशे काढणार आहेस ना? मग बघू दे की मलाही. आजवर सगळे आकडे कागदावरच बघितलेत मी."

"अगं पण..."

"अरे, तुझा हिशेब बरोबर असेल तर काही होणार नाही. माझा बरोबर असेल, तर मी बरोबर होते हे मलाही कळायला नको का?"

बारक्याने दादाकडे बघितलं. दादा ट्रेलरची साखळी गुंडाळत होता, ती गुंडाळून झालेली असताना.

वहिनी आत बसली. सगळे पट्टे ओढून घेतले. बारक्या शेजारी येऊन बसला, पण त्याने लगेच किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला.

"किती म्हणाली होतीस?"

"दोनशे सत्तर."

या वेळी त्याने डोळा मिचकावला नाही. इंजिन चालू झालं.

आपण एक शब्दही बोलायचा नाही, असं वहिनीने घरून निघतानाच ठरवलं होतं. ते ठरवणं सोपं होतं. गाडीने पहिल्या झेपेतच तिला सीटमध्ये दाबून टाकलं आणि धावपट्टीच्या कडेचे खांब एकमेकांत मिसळायला लागले. तिची नजर मीटरवर खिळली होती. एकशे ऐंशीपर्यंत गाडी रुळावर असल्यासारखी होती. दोनशेला आवाज बदलला. दोनशे वीसच्या पुढे तिला बारक्याचे हात दिसायला लागले. तो स्टिअरिंग जरा डावीकडे वळवत होता आणि गाडी काही क्षण विचार करून मग वळत होती. दोनशे पस्तीस. गाडी उजवीकडे सरकली. त्याने हात फिरवला आणि काहीच झालं नाही. मग झालं. वहिनीला भीती वाटली, अगदी कोरडी ठणठणीत भीती. आपण मेलो तर दादाचं कसं होईल, हा विचार आला, आणि या पोराला आपण जोडाक्षरं शिकवली हाही आला. तिचा उजवा पाय जिथे ब्रेक नव्हता तिथे गाडीचा तळ दाबत होता. बारक्याने एकदाच, क्षणभर, तिच्या त्या पायाकडे बघितलं.

दोनशे अठ्ठेचाळीसला त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला.

गाडीचं नाक हळूहळू खाली बसलं. खांब पुन्हा सुटे सुटे झाले. धावपट्टीच्या टोकाला गाडी थांबली तेव्हा इंजिनापेक्षा त्या दोघांच्या श्वासांचाच आवाज जास्त होता.

"अजून होती," वहिनी म्हणाली. "सत्तरपर्यंत होती."

"होती." बारक्याने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "एकटा असतो तर दाबलीच असती, वहिनी."

"माहीत आहे."

"ती पट्टी आज लावून टाकू."

ती हो म्हणाली की नाही हे तिलाही कळलं नाही. लांबून दादा पळत येत होता. दादाला पळताना तिने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पोट सावरत, एक हात उगाचच वर करून, तो धावपट्टीच्या मधोमध धावत होता. गाडीपाशी पोचला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. खिडकीवर दोन्ही हात टेकून त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग भावाकडे.

"किती?" तो कसाबसा म्हणाला. "किती गेली होती?"

बारक्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली.

"दोनशे वीस," तो म्हणाला. "फार तर पंचवीस."

दादाने बाटली घेतली, पण प्यायला नाही. तो वहिनीकडे वळला.

"खरं का गं?"

वहिनी पट्टे सोडत होती.

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.